मकाव : कॅसिनोंच्या शहरात काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने

मकावला जाणाऱ्या बहुतेक भारतीय पर्यटकांच्या वाट्याला तिथला एकच दिवस येतो. हाँगकाँगच्या सहलीला जोडून ते सकाळी पोचतात, संत पॉलच्या चर्चच्या उरलेल्या भिंतीसमोर छायाचित्र काढतात, एखाद्या अवाढव्य हॉटेलातील कृत्रिम कालव्याच्या काठाने फेरफटका मारतात आणि संध्याकाळी परततात. अशा धावत्या भेटीत हे शहर म्हणजे रोषणाई आणि जुगार, एवढेच मनावर ठसते. वास्तविक जेमतेम ३३ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात दोन निराळी शहरे नांदतात. एक पोर्तुगीजांनी १५५७च्या सुमारास वसवलेले आणि मंदिरे, चर्चे, तटबंदी व अरुंद उतरत्या गल्ल्या यांनी भरलेले. दुसरे कॅसिनोंचे, जे बहुतांशी २००२ नंतर उभे राहिले. पहिले शहर सकाळच्या वेळी पायी पाहावे आणि दुसरे अंधार पडल्यावर पाहावे. हा क्रम पाळून किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवला, तर दोन्ही शहरे नीट पाहून होतात.

थोडी पूर्वपीठिका माहीत असलेली बरी. मकावमध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मिळाली. १९६२पासून पुढची चाळीस वर्षे या धंद्याचा मक्ता स्टॅन्ले हो यांच्या एकाच कंपनीकडे होता. २० डिसेंबर १९९९ रोजी पोर्तुगालने मकावचा ताबा चीनकडे सोपवला आणि त्यानंतर तीनच वर्षांत हा मक्ता संपून परकीय कंपन्यांना दारे उघडली गेली. २००६मध्ये मकावच्या कॅसिनोंच्या उत्पन्नाने लास व्हेगासच्या प्रसिद्ध रस्त्यावरील कॅसिनोंनाही मागे टाकले. सरकारी तिजोरीत येणाऱ्या कराचा सर्वांत मोठा वाटा आजही जुगाराचाच असतो. जुन्या वास्तूंची निगा इतकी चांगली का आहे आणि त्यांपैकी बहुतेकींना प्रवेशशुल्क का नाही, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

जाण्यापूर्वी

हवामानाच्या दृष्टीने ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरअखेर हा काळ सर्वांत चांगला. जून ते सप्टेंबर दमट उकाडा असतो, शिवाय या महिन्यांत, विशेषतः जुलैपासून पुढे, तुफानांचा धोका राहतो. मोठा इशारा लागला की बससेवा, बोटी आणि पूल सारेच बंद पडतात. चिनी नववर्ष, मे महिन्याचा पहिला आठवडा आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्ट्यांचा आठवडा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्या दिवसांत मुख्य भूमीवरून येणाऱ्या गर्दीमुळे जुन्या शहराच्या मध्यावरील सेनादो चौकात अक्षरशः पाऊल ठेवायला जागा नसते. नोव्हेंबरमध्ये एका आठवड्याअखेरीस शहराच्या रस्त्यांवरूनच मोटारींची शर्यत होते. ती १९५४पासून चालत आली आहे. शर्यतीचा शौक नसेल त्याने तो आठवडाही सोडावा, कारण अनेक रस्ते बंद असतात आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात.

भारतीय पासपोर्टधारकांना मकावमध्ये ३० दिवसांपर्यंत व्हिसाची गरज नाही. हाँगकाँगमार्गे जाऊन तिथे बाहेर पडायचे असेल, तर हाँगकाँगसाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून तिची छापील प्रत जवळ ठेवावी लागते. दोन्ही प्रदेश चीनचेच असले तरी त्यांची प्रवेशव्यवस्था स्वतंत्र आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नियम बदलत असल्याने तिकिटे काढण्यापूर्वी दोन्हींची अधिकृत संकेतस्थळे पाहून घ्यावीत. मकावमध्ये शिरताना पासपोर्टवर शिक्का मारला जात नाही. त्याऐवजी मुक्कामाची मुदत लिहिलेली एक छोटी छापील चिठ्ठी हाती दिली जाते. ती पासपोर्टातच ठेवावी.

हाँगकाँगहून येण्याचे दोन मार्ग आहेत. बोटीने सुमारे एक तास लागतो. २०१८मध्ये खुल्या झालेल्या, समुद्रातील बोगदा आणि जोडरस्ते धरून ५५ किलोमीटर लांबीच्या पुलावरून बसने सुमारे चाळीस मिनिटे लागतात. ही बस रात्रंदिवस धावते, तिचे भाडे बोटीच्या मानाने बरेच कमी आहे आणि ती हाँगकाँगच्या विमानतळाजवळच्या नाक्यावरून सुटते. त्यामुळे विमानातून उतरून थेट मकावला येणाऱ्यांनी बसच निवडावी. मध्य हाँगकाँगमध्ये मुक्काम असणाऱ्यांना मात्र बोट सोयीची पडते.

मुक्काम कुठे करावा, याविषयी माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. प्रवासी कंपन्या बहुधा कोताई भागातील मोठ्या कॅसिनो-हॉटेलांतच खोल्या देतात. त्या ऐसपैस आणि आरामशीर असतात यात शंका नाही. परंतु कोताईची झगमग रात्री उशिरापर्यंत सुरूच राहते आणि तिथून परत यायला बस मिळते, तर जुन्या शहरातील निवांत वेळ केवळ सकाळी नऊपर्यंतच असतो आणि तो जवळ राहणाऱ्यालाच साधतो. म्हणून सेनादो चौकापासून पायी अंतरावर एखादे मध्यम हॉटेल घ्यावे. रविवार ते गुरुवार या रात्रींचे दर शुक्रवार-शनिवारच्या मानाने बरेच उतरलेले असतात.

जुन्या शहरातील पायपीट

मकावच्या जुन्या शहरातील वीसहून अधिक वास्तू आणि त्यांना जोडणारे चौक २००५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. बहुतेक लोक सेनादो चौकातून सुरुवात करतात आणि दहा मिनिटांत संत पॉलच्या भिंतीपाशी पोचून तिथेच थांबतात. त्याऐवजी दक्षिण टोकाच्या अ-मा मंदिरापासून सुरुवात करून उत्तरेकडे चालत यावे. अंतर अडीच-तीन किलोमीटरच आहे. पण थांबत थांबत पाहायचे तर अर्धा दिवस सहज जातो. मंदिराजवळ बार्रा नावाचे लाइट रेल्वेचे स्थानक आहे आणि शहरी बसही तिथे जातात. बसचे भाडे अंतर कितीही असले तरी सहा पताका (पताका हे मकावचे चलन) असते आणि चालक सुटे पैसे परत देत नाही, त्यामुळे नाणी जवळ बाळगावीत.

अ-मा ही कोळी आणि खलाशी यांची रक्षणकर्ती समुद्रदेवी. तिचे हे मंदिर पोर्तुगीज येण्यापूर्वीचे असून परंपरेनुसार ते १४८८चे मानले जाते. टेकडीच्या उतारावर प्रचंड खडकांच्या आधाराने लहान लहान देवळ्या बांधलेल्या आहेत, छताला टांगलेली चक्राकार उदबत्त्यांची वेटोळी तासन्‌तास जळत असतात आणि एका खडकावर शिडाचे जहाज कोरून रंगवलेले आहे. सकाळी आठच्या सुमारास इथे स्थानिक भाविक असतात. साडेदहानंतर प्रवाशांनी भरलेल्या बसगाड्या येऊ लागतात.

मंदिरापासून चढाच्या रस्त्याने काही मिनिटे चालले की डाव्या-उजव्या बाजूंना कमानींची लांब ओसरी असलेली एक पिवळी-पांढरी इमारत लागते. मार्गदर्शक पुस्तिकांत तिला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. गोवा-महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने मात्र इथे थांबलेच पाहिजे. मकावच्या पोलीस दलाला बळ देण्यासाठी गोव्याहून आणलेल्या भारतीय शिपायांच्या तुकडीसाठी १८७४मध्ये ही बराक बांधली गेली. एका इटालियन वास्तुरचनाकाराने तिला मोगल धाटणीच्या कमानी दिल्या आणि पोर्तुगीज लोक तिला ‘मूर (म्हणजे मुसलमान) लोकांची बराक’ म्हणू लागले. आता आत सागरी व्यवहारांचे सरकारी कार्यालय असल्याने पर्यटकाला ओसरीवरच समाधान मानावे लागते. गोव्याशी असलेला हा संबंध योगायोग नव्हे. १८४४पर्यंत मकावचा कारभार गोव्यात बसणाऱ्या पोर्तुगीज सत्तेच्या अखत्यारीत होता. त्यामुळे हे संपूर्ण जुने शहर फिरताना पणजीचे फोंताइन्हास आणि जुने गोवे पाहिलेल्या माणसाला ओळखीच्या खुणा वारंवार भेटत राहतात.

पुढे लिलाऊ चौक आहे, जिथल्या झऱ्याच्या आधाराने पोर्तुगीजांची पहिली वस्ती झाली. चौकाला लागूनच ‘मँडरिनचा वाडा’ आहे. सुधारणावादी चिनी विचारवंत आणि व्यापारी झेंग ग्वानयिंग यांच्या कुटुंबाचे हे घर साधारण १८६९च्या सुमाराचे असून त्यात साठाहून अधिक दालने आहेत. बाहेरून ते साधे वाटते. आत शिरल्यावर एकामागून एक चौक उलगडत जातात. वरच्या मजल्यावरील खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या दिसतील, ज्या गोव्यातील जुन्या घरांतही असतात. प्रवेश विनामूल्य आहे. वाडा बुधवारी बंद असतो, तेव्हा वार पाहूनच कार्यक्रम आखावा.

यानंतर संत लॉरेन्सच्या चर्चवरून थोडे वळून संत जोसेफच्या सेमिनरीकडे जावे. १७५८मध्ये पूर्ण झालेले तिथले घुमटाकार चर्च बरोक शैलीचे आहे आणि त्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या हाताचे एक हाड जतन केलेले आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकात ज्यांचे शव आहे, तेच हे झेवियर. त्यांचा मृत्यू १५५२मध्ये मकावपासून फार दूर नसलेल्या शांगच्वान बेटावर झाला होता आणि शव मलाक्कामार्गे गोव्याला आणले गेले. हा अवशेष पुढे जपानला पाठवायचा होता. तिथे ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाल्याने तो मकावमध्येच राहिला. चर्चमध्ये गर्दी जवळजवळ नसते.

जवळच संत ऑगस्टिन चौकात १८६०मध्ये बांधलेले फिकट हिरव्या रंगाचे दों पेद्रू नाट्यगृह आहे. चीनमधील पाश्चात्त्य धाटणीच्या सर्वांत जुन्या नाट्यगृहांपैकी ते एक होय. तिथून उतार उतरला की सेनादो चौक येतो. काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची लाटांसारखी फरसबंदी जुनी वाटत असली तरी ती १९९०च्या दशकातील आहे. चौकासमोरच्या जुन्या नगरसभेच्या इमारतीत बहुतेक लोक शिरत नाहीत. त्यांनी शिरावे. जिन्याच्या दोन्ही अंगांना निळ्या-पांढऱ्या चित्रित फरशा आहेत, मागे छोटी बाग आहे आणि वरच्या मजल्यावर पोर्तुगालमधील माफ्रा येथील मठाच्या ग्रंथालयाच्या धर्तीवर केलेले लाकडी कोरीवकामाचे ग्रंथालय आहे.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला संत डॉमिनिकचे पिवळे चर्च दिसते. १५८७मध्ये मेक्सिकोहून आलेल्या तीन स्पॅनिश धर्मगुरूंनी त्याची स्थापना केली आणि चीनच्या भूमीवरील पहिले पोर्तुगीज वृत्तपत्र १८२२मध्ये इथूनच निघाले. त्याच्या बाजूच्या गल्लीत लोऊ काऊ यांचा १८८९चा वाडा आहे. रंगीत काचा, लाकडी जाळ्या आणि करड्या विटा यांचे काम सुरेख आहे. पण विशेष असे की हे लोऊ काऊ त्या काळचे जुगाराच्या धंद्यातील मोठे आसामी होते. काचेचे मनोरे उभारणारा पैसा शंभर वर्षांपूर्वी कसली घरे बांधत होता, ते पाहायचे असेल तर या वाड्याइतके चांगले ठिकाण नाही. त्यांच्याच मुलाच्या नावाने ओळखली जाणारी लोऊ लिम इओक बाग शहराच्या दुसऱ्या भागात आहे. चीनमधील सूझोऊ शहराच्या धाटणीची ती बाग, तिथले तळे आणि नऊ वळणांचा पूल दुपारच्या विश्रांतीसाठी उत्तम आहे.

संत पॉलच्या चर्चची भिंत

आता गर्दीबरोबर वाहत जाऊन त्या प्रसिद्ध पायऱ्यांपाशी पोचायचे आहे. छायाचित्र घ्यायचे असेल तर ते सकाळी सातलाच येऊन घ्यावे. बाहेरचा भाग सर्व वेळ खुला असतो. मात्र भिंत ‘वाचायला’ दिवसा यावे आणि किमान अर्धा तास द्यावा, कारण तिच्यातील खरी मौज बारकाव्यांत आहे.

जेझुइट पंथीयांनी १६०२ ते १६४० या काळात हे चर्च बांधले. आराखड्याचे श्रेय इटालियन धर्मगुरू कार्लो स्पिनोला यांना दिले जाते, तर दगड घडवणाऱ्यांत जपानमधील छळाला कंटाळून पळून आलेले ख्रिस्ती कारागीर होते. शेजारच्या महाविद्यालयासह हे सारे १८३५मध्ये आगीत जळाले आणि ग्रॅनाइटची दर्शनी भिंत व समोरच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या. जुन्या गोव्यातील संत पॉल महाविद्यालयाचीही आज एक कमानच उभी आहे.

भिंतीचे मजले खालून वर पाहत जावे. मधल्या भागात मेरी सात तोंडांच्या प्राण्यावर पाय देऊन उभी आहे आणि बाजूला चिनी लिपीत ‘पवित्र माता ड्रॅगनचे मस्तक चिरडते’ अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. दुसऱ्या बाजूला आडवा पडलेला सांगाडा असून मरण आठवावे आणि पाप करू नये, असा इशारा त्याच्याजवळ दिलेला आहे. पोर्तुगीज गलबत, जपानी धाटणीची शेवंतीची फुले आणि चिनी सिंह हे सारे एकाच भिंतीवर दिसते. ख्रिस्ती धर्माचा उपदेश चिनी माणसाला त्याच्याच लिपीत करणारी ही दगडी पाटी होती. भिंतीच्या मागे जाऊन पाहावे. तिथे चर्चच्या पायाच्या खुणा आहेत आणि तळघरात जपानी व व्हिएतनामी हुतात्म्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत.

भिंतीला लागूनच ना-चा या बालदेवतेचे १८८८चे इवलेसे मंदिर आहे आणि त्याच्या शेजारी जुन्या तटाचा उरलेला तुकडा आहे. माती, वाळू, भाताचा पेंढा, दगडांची खडी आणि कालवांचे कवच कुटून, थरांवर थर दाबून हा तट उभारला होता. या दोन्हींकडे हजारातील दहा माणसेही वळत नसावीत.

उजव्या हाताच्या टेकडीवर मोंती किल्ला आहे. चढ नको असेल तर सरकत्या जिन्याने जाता येते. १६१७ ते १६२६ या काळात जेझुइटांनीच तो बांधला आणि तो पुरा होण्यापूर्वीच २४ जून १६२२ रोजी त्याची परीक्षा झाली. डच सैन्य किनाऱ्यावर उतरून शहराकडे चालून येत असताना किल्ल्यावरून डागलेला तोफगोळा नेमका त्यांच्या दारूच्या साठ्यावर पडला आणि हल्ला मोडला. गोळा डागणारा एक धर्मगुरू गणितज्ञ होता, असे सांगतात. तटावर जुन्या तोफा अजूनही आहेत आणि त्यांतील एका तोफेच्या रोखाने पाहिले तर समोर ग्रँड लिस्बोआ कॅसिनोचा कमळाच्या आकाराचा सोनेरी मनोरा येतो. किल्ल्याच्या पोटात मकाव संग्रहालय आहे. एकच संग्रहालय पाहायचे असेल तर हेच पाहावे. ते सोमवारी बंद असते.

दुपारनंतर, शक्ती असेल तर

इथपर्यंत दुपारचा एक-दीड वाजलेला असतो. जेवून विश्रांती घ्यावी आणि उन्हे कलल्यावर पुढीलपैकी एक-दोन ठिकाणे निवडावीत. सगळीच करण्याचा अट्टहास नको.

माझी पहिली पसंती गिया टेकडीला. तिच्या माथ्यावर सतराव्या शतकातील किल्ला, त्यात १६२२च्या सुमाराचे छोटेसे प्रार्थनामंदिर आणि १८६५चे दीपगृह आहे. चीनच्या किनाऱ्यावरील हे पहिले आधुनिक दीपगृह. प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर पाश्चात्त्य विषय चिनी हाताने रंगवलेली चित्रे असून ती १९९०च्या दशकात डागडुजी करताना चुन्याखालून उघडी झाली. पायथ्याच्या फ्लोरा बागेतून वर जाणारा छोटा रोपवे अगदी अल्प भाड्यात नेतो. याच टेकडीच्या उतारावर मुंबईहून कापूस आणि अफूच्या व्यापारासाठी आलेल्या पारशी व्यापाऱ्यांची १८२९ची दफनभूमी आहे. तिचे दार सहसा बंद असते, पण जवळच्या रस्त्याच्या नावात पारशांची आठवण आजही टिकून आहे.

दुसरे ठिकाण कुन याम मंदिर. कुन याम म्हणजे अवलोकितेश्वराचे चिनी स्त्रीरूप; अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्याला आठवतो त्याला हा प्रवास विलक्षण वाटेल. मंदिराच्या मागील बागेतील दगडी मेजावर ३ जुलै १८४४ रोजी अमेरिका आणि चीन यांच्यातील पहिला तह झाला. तिसरे ठिकाण कामोंइश बाग आणि तिच्या शेजारची जुनी प्रोटेस्टंट दफनभूमी. पोर्तुगालचा हा राष्ट्रकवी गोव्यात राहिला होता, हे इतिहासाला मान्य आहे. मकावच्या या बागेतील गुहेत तो राहिल्याची कथा मात्र परंपरेने चालत आलेली आहे. दफनभूमीत चित्रकार जॉर्ज चिनरी यांची समाधी आहे, ज्यांनी मद्रास आणि कलकत्ता येथे वीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि कर्ज डोईजड झाल्यावर १८२५मध्ये मकाव गाठले.

मकाव टॉवरविषयी विचाराल तर ३३८ मीटर उंचीच्या या मनोऱ्याचे तिकीट महाग आहे आणि हवा बहुधा धूसर असल्याने दूरचे काही दिसत नाही. २३३ मीटरवरून दोरी बांधून उडी मारण्याची हौस असेल त्यानेच तिकडे जावे.

कॅसिनो : आत न खेळता कसे पाहावेत

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कॅसिनो म्हटले की पणजीला मांडवीत नांगरलेली जहाजे येतात, जिथे प्रवेशासाठीच पैसे मोजावे लागतात. मकावची रचना अगदी वेगळी आहे. इथे हॉटेल, बाजारपेठ, नाट्यगृह आणि खाद्यगृहे यांचे एकच प्रचंड संकुल असते आणि जुगाराचे दालन त्याच्या मध्यभागी असते. संकुलात कोणीही, अगदी मुलांना घेऊनसुद्धा, मोकळेपणाने फिरू शकते. जुगाराच्या दालनात मात्र २१ वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही, वय तरुण दिसत असेल तर पासपोर्ट मागतात आणि आत छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे.

आत जाऊन पाहण्यास शुल्क नसते, म्हणून कुतूहलापोटी एक फेरी मारायला हरकत नाही. हसणे, ओरडणे, मद्याचे पेले असे चित्र मनात असेल तर ते खोटे ठरेल. बहुतेक मेजांवर बाकारा हा एकच खेळ चाललेला असतो आणि खेळणारे कमालीच्या गांभीर्याने पत्त्याची कड हळूहळू दुमडून पाहत असतात. मेजावरील किमान पणाची पाटी आधी वाचावी; ती रक्कम भारतीय खिशाला जड असते. खेळायचेच असेल तर जितके गेले तरी वाईट वाटणार नाही तेवढेच पैसे बरोबर न्यावेत आणि कार्ड खोलीवर ठेवावे.

पहिल्या संध्याकाळी जुने शहर ज्यावर आहे त्या द्वीपकल्पावरील जुनी लिस्बोआ इमारत पाहावी. १९७०ची ही इमारत म्हणजे स्टॅन्ले हो यांच्या काळाची खूण असून तिच्यासमोर नवी ग्रँड लिस्बोआ उभी आहे. दुसरी संध्याकाळ कोताईसाठी ठेवावी. ताइपा आणि कोलोआन या दोन बेटांमधील समुद्र भरून काढलेली ही जमीन आहे. दुपारी चारच्या सुमारास इथल्या व्हेनिशियन संकुलातून सुरुवात करावी. २००७मध्ये उघडलेल्या या इमारतीत सुमारे तीन हजार खोल्या आहेत, वरच्या मजल्यावर कालवे आहेत आणि रंगवलेल्या आकाशाखाली नावाडी गाणी म्हणत नावा वल्हवतात. ज्या माणसाने सकाळी चारशे वर्षांची खरी भिंत पाहिली आहे, त्याला हे नकली व्हेनिस पाहून हसू येईल. तरी त्यामागची कारागिरी नाकारता येत नाही. नावेत बसण्याचे पैसे वाचवावेत, कारण काठावरूनही तेवढेच दिसते. अंधार पडताना बाहेर येऊन अर्ध्या आकाराचा आयफेल टॉवर उजळताना पाहावा, पुढे लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्याची प्रतिकृती पाहावी आणि विन पॅलेससमोरील तळ्यातील संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी पाहावीत. ही कारंजी बाहेर उभे राहून फुकट दिसतात. वास्तुकलेची आवड असणाऱ्याने झाहा हदीद यांच्या कल्पनेतून उतरलेले, २०१८मध्ये पूर्ण झालेले मॉर्फियस हॉटेल चुकवू नये. सर्व बाजूंनी पांढऱ्या जाळीने वेढलेल्या त्या इमारतीला मधोमध मोठी भगदाडे ठेवलेली आहेत आणि नक्कल नसलेली अशी ती कोताईतील मोजक्या इमारतींपैकी आहे.

मोठी हॉटेले बोटींच्या धक्क्यापासून, पुलाच्या नाक्यापासून आणि एकमेकांच्या दारापासून मोफत बसगाड्या चालवतात. त्यांत बसायला बहुधा त्या हॉटेलात उतरलेले असण्याची अट नसते. याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

कोलोआन आणि ताइपा

दुसऱ्या दिवसाची सकाळ कोलोआन गावासाठी राखावी. कोताईच्या झगमगाटापासून बसने काही मिनिटांवर हे शांत कोळी वळणाचे गाव आहे आणि समोर खाडीपलीकडे मुख्य चीनची भूमी इतकी जवळ दिसते की तिथल्या इमारतींच्या खिडक्या मोजता याव्यात. संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचे १९२८चे लहानसे चर्च आणि त्याच्यासमोर १९१०मध्ये समुद्री चाच्यांवर मिळवलेल्या विजयाचे स्मारक आहे. किनाऱ्याने पुढे चालत गेले की ताम कुंग मंदिर लागते. तिथे देवमाशाच्या हाडाची कोरलेली नौका जरूर पाहावी. जवळच्या टेकडीवर अ-मा देवीचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा आहे, ज्याची उंची सत्तांतराच्या वर्षाची आठवण म्हणून १९.९९ मीटर ठेवली आहे. मुले बरोबर असतील तर सिआक पाइ वान उद्यानातील पांडांना वेळ द्यावा. तिथेही सोमवारी सुट्टी असते. हाक सा हा काळसर वाळूचा किनारा मात्र कोकणातून आलेल्याला विशेष वाटणार नाही.

परतताना ताइपा गावात उतरावे. १९२१मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांसाठी बांधलेली पाच हिरवी घरे एका पाणथळ जागेसमोर ओळीने उभी आहेत. पूर्वी त्यांच्या अंगणापर्यंत समुद्र येत असे. गावातील रुआ दू कुन्या ही गल्ली खाऊच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे.

खाण्याविषयी

२०१७मध्ये युनेस्कोने मकावला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. पोर्तुगीज जहाजांच्या मार्गावरील आफ्रिका, गोवा, मलाक्का आणि चीन या सर्वांची चव इथल्या मकानीज स्वयंपाकात उतरली आहे. खिमा, बटाटे आणि वर अंडे असे मिंची, मसालेदार आफ्रिकन चिकन, कोळंबीपासून केलेले बालिशांव आणि दुधाची बेबिंका ही नावे गोवेकराला परकी वाटणार नाहीत, जरी चव बरीच निराळी असली तरी. वरून करपवलेली अंड्याची टार्ट ही इथली ओळखच बनली आहे. अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने १९८९मध्ये कोलोआन गावात सुरू केलेल्या बेकरीत ती गरमागरम मिळते आणि सकाळी गेल्यास रांग लहान असते.

शाकाहारी मंडळींनी थोडी तयारी करावी. नुसते ‘भाज्या’ म्हटले तरी त्यांत कालवांचा रस्सा किंवा डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे आपण काय खात नाही ते चिनी लिपीत लिहून भ्रमणध्वनीत ठेवावे. ताइपाच्या गल्लीत वाळवलेल्या मांसाचे गोडसर तुकडे चवीला म्हणून हातावर ठेवतात. ते गाईचे किंवा डुकराचे असते, तेव्हा विचारूनच घ्यावे. बदामाची बिस्किटेसुद्धा घटक वाचून घ्यावीत. कोताईच्या संकुलांत चांगली भारतीय उपाहारगृहे आहेत, पण त्यांचे दर चढे असतात.

पैशांचा हिशेब

मकावचे चलन पताका असले तरी हाँगकाँगचे डॉलर जवळजवळ सर्वत्र चालतात. अधिकृत दराने एका हाँगकाँग डॉलरला १.०३ पताका मिळतात. पण दुकानदार दोन्ही चलने समान धरतात, म्हणजे डॉलरने पैसे देणाऱ्याचे शेकडा तीन जातात. लहान खर्चासाठी हे सोसावे, मोठ्या रकमा कार्डाने द्याव्यात आणि बससाठी थोड्या पताका काढून घ्याव्यात. त्या मकावबाहेर फारशा कोणी घेत नाही, म्हणून निघण्याच्या दिवशी उरलेल्या नोटा आणि नाणी बिस्किटांच्या दुकानात संपवून मगच पुलाच्या किंवा बोटीच्या नाक्याकडे वळावे.